भिंगबाईनं तपासलेला मित्र

भिंगबाईच्या हातात कोणी चहाचा कप दिला, तर ती आधी कपाचं बूड बघायची, मग कडा, मग चहा आणि सगळ्यात शेवटी देणाऱ्याचं तोंड. आज हा मला चहा का देतोय, हा प्रश्न तिला पहिल्या घोटाच्या आधी पडायचा. उत्तर मिळेपर्यंत चहा गार होऊन जायचा आणि मग गार चहा दिल्याबद्दल देणाऱ्यावर आणखी एक संशय यायचा.

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं. हाक मात्र सगळे भिंगबाई अशीच मारायचे. शर्ट शिवणाऱ्या एका कारखान्यात ती सव्वीस वर्षं तपासणीच्या टेबलावर होती. खरं तर भिंग तिनं कधी हातात धरलंच नाही, तशी गरज पडली नाही. शर्ट टेबलावर पसरायचा, कॉलर, कफ, काजं, बटणं, खिसा, दोन्ही काखांच्या शिवणी, खालची दुमड अशी नजर फिरवायची. चूक दिसली की नखाएवढा लाल कागदी बाण सोलून तिथं चिकटवायचा. बाणवाले शर्ट समोरच्या टेबलावर रफूवालीकडे जायचे. ती उसवायची, पुन्हा शिवायची, बाण काढायची. बिनबाणाचे पास झालेले शर्ट चाकाच्या गाड्यावर चढायचे. तो गाडा रफूवालीच्या पाठीशी असायचा, कारण हात रिकामा असला की पास झालेल्या शर्टांचे लोंबते दोरे कापणं हेही तिचंच काम होतं.

पास झालेल्या शर्टात नंतर कोणाला चूक सापडली, तर ती 'चेकरची चूक' म्हणून रजिस्टरमध्ये लिहायची असा नियम होता. महिन्यात अशा तीन नोंदी झाल्या की चेकरचं टेबल गेलं. भिंगबाईचं पान सव्वीस वर्षं कोरं होतं. ते पान ती अधूनमधून जाऊन बघून यायची. कोणी काही खरडलं तर नाही ना?

संशय तिच्या रक्तातच होता असं लोक म्हणायचे. रक्तातबिक्तात काही नसतं. ती सात वर्षांची असताना तिचे वडील "आलोच" म्हणून दारातून बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. तो एक शब्द तिनं इतक्या संध्याकाळी उंबऱ्यावर बसून तपासला, की पुढं कुठलाच शब्द तिला धड वाटेना. लग्नात चर्चच्या पाळकांनी "हा नवरा तुला मान्य आहे का?" असं विचारलं, तेव्हा हिनं आधी नवऱ्याकडं वळून "सगळं सांगितलंयस ना मला?" असं विचारून घेतलं होतं. नवरा बेकरीत कामाला होता. भट्टीपुढं उभं राहून राहून त्याचा स्वभाव मऊ झाला होता, म्हणून तो हसला. दुसरा कोणी असता तर तिथूनच घरी गेला असता.

रविवारी ती चर्चला जायची, आणि तिथंही सगळ्यात मागच्या बाकावर, पाठीला भिंत घेऊन बसायची. देवावर तिचा विश्वास होता. पण तो कारखान्याच्या मालकावर असतो तसा. मालक आहे, तो वर असतो, आपल्याला दिसत नाही, आणि त्याच्यापुढं जायचं ते कागद नीट लिहून. तिची प्रार्थना म्हणजे अर्जच. 'हे सर्वसमर्थ देवा, विनंती अशी की' इथून सुरुवात आणि 'आपली नम्र' इथं शेवट. नवऱ्यानं एकदा चेष्टेनं विचारलं होतं, "खाली सही कुठं करतेस गं?"

मग चर्चमध्ये नवे पाळक आले. पहिल्याच महिन्यात ते उपदेशात म्हणाले, की येशूला तुमचे अर्ज नकोत, त्याला तुमच्याशी मैत्री करायची आहे, जिवाभावाची. लोकांनी माना डोलावल्या. भिंगबाईच्या मनात मात्र पाल चुकचुकली. आजवर ज्यानं ज्यानं आपण होऊन मैत्रीचा हात पुढं केला, त्याला तिच्याकडून काहीतरी हवं होतं. उपासना संपल्यावर तिनं पाळकांना दारातच गाठलं.

"कशासाठी?" तिनं विचारलं.

"काय कशासाठी, बाई?"

"मैत्री. त्याला काय कमी आहे? माझ्याशी मैत्री करून त्याला काय मिळणार?"

पाळक तसे तरुण होते, हजरजबाबी होते. म्हणाले, "ते त्यालाच विचारा की."

त्यांनी ते सहज म्हटलं असेल. भिंगबाईनं ते काम समजून अंगावर घेतलं.

कारखान्याचं दार उघडायच्या वीस मिनिटं आधी ती रोज मागच्या पायरीवर येऊन बसायची. दुसऱ्या बसवर तिचा भरवसा नव्हता, म्हणून ती पहिल्या बसनं यायची. दुसऱ्या दिवशी त्या पायरीवर बसून, आजूबाजूला कोणी नाही हे दोनदा पाहून, तिनं विचारलं, "माझ्याकडून काय हवंय तुला?"

उत्तर आलं नाही. गप्प बसणारे लोक भिंगबाईला नवे नव्हते. ज्यांच्या मनात काळंबेरं असतं तेच गप्प बसतात, हा तिचा अनुभव. तिनं मनातल्या मनात एक लाल बाण चिकटवला आणि ती कामाला गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, तिसऱ्या दिवशीही. अशी ती देवाच्या खनपटीलाच बसली. गंमत अशी, की उलटतपासणीत 'विनंती अशी की' म्हणता येत नाही. तिचे अर्ज आठवड्याभरात बंद पडले, आणि ते बंद पडल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही.

मग तिनं परीक्षा घ्यायची ठरवली. माणसं तपासायची तिची एक ठरलेली पद्धत होती. एखादी गोष्ट एकालाच सांगायची आणि ती फुटते का ते महिनाभर बघायचं. आजवर या परीक्षेत सगळे नापास झाले होते, सख्खी बहीणसुद्धा. एका सकाळी पायरीवर तिनं देवाला अशी एक गोष्ट सांगितली जी नवऱ्यालाही ठाऊक नव्हती. वडील दूरच्या गावी वारल्याचा निरोप आला, तेव्हा कारखान्यातून रजा मिळत नाही असं तिनं घरी सांगितलं होतं. तिनं रजा मागितलीच नव्हती. त्या दिवशी तिनं शर्ट तपासले, एकशे चाळीस, आणि तिला बरं वाटलं होतं. हे सांगताना तिचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते.

"कोणाला सांगितलंस तर याद राख," असं देवाला बजावून ती आत गेली.

तीन आठवडे गेले. चौथ्या रविवारी पाळक उपदेशाला उभे राहिले आणि म्हणाले, "आज आपण आपल्या वडिलांना क्षमा करण्याविषयी बोलू."

भिंगबाई बाकावर ताठ झाली. फुटली! म्हणजे यानंही सांगितलं! तिला इतका राग आला, की तिनं शेवटचं गीत तोंड उघडून म्हटलं नाही, आणि पुढचे पंधरा दिवस पायरीवर बसून देवाशी चकार शब्द बोलली नाही. नुसती बसायची, त्याला कळावं म्हणून. मग नवऱ्याकडून समजलं, की पाळकांचे म्हातारे वडील त्यांच्याकडे कायमचे राहायला आलेत आणि दोघांचं एक मिनिट पटत नाही. बिचारे पाळक स्वतःलाच उपदेश करत होते.

दुसऱ्या दिवशी भिंगबाई बराच वेळ पायरीवर पायानं कचरा सारत बसली. शेवटी म्हणाली, "बरं. चुकलं माझं."

हे शब्द तिनं आयुष्यात कोणाला उद्देशून पहिल्यांदाच काढले होते, आणि ऐकणारा दिसत नव्हता म्हणूनच ते निघाले असावेत.

तिथून पुढं मात्र गाडी रुळावर आली. दोन वर्षं ती रोज त्या पायरीवर बोलत राहिली. गुडघ्यांबद्दल बोलली. जावई फार गोड बोलतो, तिथं नक्की पाणी मुरतंय, हेही सांगितलं. येशू मरणातून उठला हे ऐकून बारा शिष्यांपैकी जो म्हणाला, की त्याच्या जखमांना हात लावल्याशिवाय मी मानणार नाही, तो एकटाच तपासणी खात्यात घेण्यासारखा होता, असं तिनं एकदा येशूला तोंडावर सांगितलं आणि स्वतःच खुदकन हसली. एकदा शर्ट दुमडताना तिला वडिलांची आठवण आली आणि दात आवळले गेले नाहीत. तिला लगेच संशय आला. दुसऱ्या सकाळी तिनं विचारलं, "काय करतोयस तू माझ्या आत? मला न विचारता?" पण आवाजात धार नव्हती, आणि हे तिचं तिलाही ऐकू आलं.

देवाच्या बाबतीत असं थोडं सैल पडत होतं, पण माणसांच्या बाबतीत तिचा लाल बाण तयारच असायचा. समोरची रफूवाली अकरा वर्षं चार फुटांवर बसत होती. त्याच चर्चला यायची, स्वभावानं गरीब, कामाला वाघ. तिच्या एकटीच्या पगारावर ती आणि तिची अंथरुणाला खिळलेली सासू जगत होत्या. तिला एक सवय होती. टाके घालताना तिचे ओठ हलत राहायचे. ही टाके मोजते की मला शिव्या घालते, हे भिंगबाईला अकरा वर्षांत ठरवता आलं नव्हतं, आणि पायरीवर देवाजवळही ती हिच्याबद्दल रोज कुरकुरायची.

अशात गडद निळ्या शर्टांचं मोठं काम आलं आणि पाचव्या आठवड्यात मॅनेजरनं भिंगबाईला केबिनमध्ये बोलावलं.

"बाई, शर्ट जातायत," मॅनेजर म्हणाला. "तुमच्या टेबलावरून पास झालेले आणि संध्याकाळी पॅकिंगला पोचलेले, यात फरक पडतोय. कधी एक, कधी दोन. मधे फक्त तो गाडा आहे. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही म्हणतात. कोण आहे?"

 भिंगबाईनं पाहिलं होतं. गेल्या गुरुवारी सुटताना रफूवालीच्या कोटाच्या गळ्यातून निळ्या कॉलरची एक कड बाहेर डोकावत होती. दारावरचा रखवालदार पिशव्या उघडून बघायचा, कोट उघडून कोण बघणार?

"उद्या दुपारपर्यंत मला नाव लिहून द्या," मॅनेजर म्हणाला. "तुम्ही लिहिलं की मी पुढं चौकशी करत नाही. तुमचा शब्द पुरेसा आहे. तिला, म्हणजे जो कोणी असेल त्याला, उद्याच घरी पाठवतो."

कोरा कागद घेऊन ती टेबलावर आली. समोर रफूवालीचे ओठ हलत होते. अकरा वर्षं! वाटलंच होतं, असं भिंगबाई मनात म्हणाली. पण वाटलंच होतं म्हणताना नेहमी जो एक गोड समाधानाचा घोट मिळायचा, तो आज मिळाला नाही.  त्या सासूला कोण बघणार? आणि न लिहावं, तर चोराला पाठीशी घातलं असं होणार. सव्वीस वर्षांचं कोरं पान!

दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर तिनं कागद मांडीवर ठेवला. पेनही काढलं.

"तू बघतोस ना सगळं?" ती म्हणाली. "मग सांग. तिनं घेतले की नाही? हो किंवा नाही, एवढंच. एरवी गप्प बसतोस ते चालतं, आज नाही चालणार."

गल्लीत कोणीतरी शटर वर केलं. कुठंतरी नळ वाहत होता. ती थांबली, आणि थांबून थांबून तिच्या मनात दोनच शब्द आले. तिला विचार.

"हे तू बोललास की मीच?" तिनं लगेच विचारलं. उत्तर नाही. पण शब्द जाईनात. आणि मग तिला एक गोष्ट कळली. ज्याचा चेहरा कधी पाहिला नाही, त्याला ती दोन वर्षं तोंडावर वाट्टेल ते विचारत आली होती. तो कधी उठून गेला नव्हता. आणि जिचा चेहरा अकरा वर्षं रोज समोर होता, तिला तिनं आजवर एकही प्रश्न विचारला नव्हता. फक्त पाळत ठेवली होती.

दार उघडल्यावर ती आत गेली, तर रफूवाली आधीच येऊन मोरीजवळ हात धुवत होती. भिंगबाई तिच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"कोटाखालून शर्ट नेतेस?"

रफूवालीचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं नाही म्हटलं नाही. हात पुसले, अंगातल्या कोटाची बटणं काढली, आतून एक निळा शर्ट काढला आणि भिंगबाईच्या हातात दिला.

"हा कालचा. सासूला रात्री बरं नव्हतं, हात लावायला वेळच नाही मिळाला," ती म्हणाली. "बघ. तुझा पास केलेला आहे. चूक शोध."

हे म्हणजे फारच झालं. भिंगबाईनं शर्ट खिडकीशी नेला. कॉलर, कफ, काजं, बटणं, खिसा, दोन्ही काखा, खालची दुमड. पुन्हा एकदा सगळं.

"काही नाही यात," ती म्हणाली. "चांगला शर्ट आहे. म्हणून तर नेलास."

रफूवालीनं तिचं बोट धरलं आणि डाव्या काखेच्या शिवणीवर ठेवलं. "आता फिरव."

बोट फिरलं आणि अडकलं. शिवण सुटलेली होती. चांगली दोन बोटं रुंद भोक, आत बोटाचं टोक जात होतं. गडद कापड, गडद दोरा. भिंगबाईनं पुन्हा डोळे ताणून पाहिलं. तिला तिथं नुसता निळा रंग दिसत होता, सलग.

"कधीपासून?" तिनं विचारलं. आवाज तिचाच होता, पण फार लांबून आल्यासारखा.

"हे निळे आले तेव्हापासून. दोरे कापताना हाताला लागायचं. रजिस्टरला लिहिलं असतं तर पहिल्याच आठवड्यात तुझं टेबल गेलं असतं." रफूवालीचे डोळे भरून आले. "इथं बसून दुरुस्त करावं तर तुझी नजर माझ्या टेबलावरून हलते का कधी? बिनबाणाच्या शर्टाला मी टाका घालताना दिसले असते की तू विचारलं असतंस. म्हणून घरी न्यायचे. सकाळी पुढच्या दारानं सगळ्यांच्या आधी आत शिरून गाड्यावर आणून ठेवायचे."

संध्याकाळी कमी पडलेला नग सगळ्यांनी मोजला होता. दुसऱ्या दिवशी एक जास्त आला, तर पॅकिंगवाला गप्प बसायचा. जास्त आलेल्याची तक्रार कोण करतो?

भिंगबाईनं त्या भोकातून बोट काढलं. "मला सांगायचं नाहीस?"

"तुला?" रफूवाली म्हणाली. "तुझा विश्वास बसला असता?"

 भिंगबाईनं कागद भिंतीला टेकवून तिथंच लिहिला, स्वतःचं नाव, मोठ्या अक्षरात, हजेरीपटावरचं. मग मॅनेजरपुढं जाऊन तिनं तो कागद आणि तो शर्ट ठेवला. सोललेला लाल बाण तिनं चुकीवर लावला नाही, स्वतःच्या नावाशेजारी चिकटवला. म्हणाली, "चूक इथं आहे. शर्ट चोरीला गेले नाहीत. मला दिसत नाही, आणि रफूवालीनं ते झाकलं."

मॅनेजरनं कागद दोनदा वाचला. मग त्यानं नियमाप्रमाणे केलं. भिंगबाईचं टेबल त्याच दिवशी गेलं आणि डोळे डॉक्टरला दाखवून या असं सांगण्यात आलं. रफूवालीला लेखी ताकीद मिळाली. तिची नोकरी राहिली. दुपारपासून भिंगबाई रफूवालीच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर बसून दोरे कापायला लागली. ते बोटांनी करता येतं. समोर तिच्या जागेवर दुसरीच बाई शर्ट पसरत होती, आणि भिंगबाईची नजर पुन्हा पुन्हा तिकडंच जात होती. सव्वीस वर्षं काही थोडी नसतात.

पण खरा राग तिनं दुसऱ्या सकाळसाठी राखून ठेवला होता.

"तुला माहीत होतं!" पायरीवर बसल्या बसल्या ती सुरू झाली. "पाच आठवडे! मी रोज इथं बसून तिच्याबद्दल काय काय बोलले, आणि तू ऐकून घेतलंस. काल मी पेन हातात घेतलं तरी तू मूग गिळून गप्प! एक शब्द बोलला असतास तर काय बिघडलं असतं? मित्र म्हणे!"

"कोणाला झापतेस गं एवढं?"

रफूवाली गल्लीच्या तोंडाशी उभी होती. आता कोटाखाली काही नव्हतं, म्हणून पुढच्या दाराऐवजी इकडून आली होती, पण लवकर यायची सवय राहिली होती. भिंगबाईनं आधी तिच्याकडं संशयानं पाहिलं. मग बोटानं वर दाखवलं.

"त्याला. सगळं ठाऊक असून सांगितलं नाही मला."

रफूवालीला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. "त्याला कशाला बोल लावतेस? मीच त्याला सांगितलं होतं, की हिला कळू देऊ नकोस. मोडून पडेल म्हणून."

"कधी सांगितलंस?"

"रोज. टाके घालताना."

भिंगबाईला ते हलणारे ओठ आठवले. अकरा वर्षं. मग वडिलांची गोष्ट आठवली, याच पायरीवर सांगितलेली, आणि 'कोणाला सांगितलंस तर याद राख' हे स्वतःचेच शब्द. तिची गोष्ट त्यानं पोटात ठेवली होती म्हणून तिनं त्याला पास केलं होतं. हिचीही त्यानं तशीच ठेवली. फोडली नाही. 'तिला विचार' म्हणून जिची होती तिच्याकडं फक्त पाठवलं.

ती बराच वेळ पायरीवरचा कचरा पायानं सारत बसली. डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पुसलं नाही, तसंही धड दिसत नव्हतंच.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"मला म्हणालीस?" रफूवालीनं विचारलं.

"तुलाही," भिंगबाई म्हणाली, आणि तिला बसायला जागा व्हावी म्हणून बाजूला सरकली.